उत्तर युगांडातील मुलींचे माध्यमिक शिक्षण : मदत करायची, तर चार वर्षांची

नाईलकाठ (धागाकर्ती)

नमस्कार.

गेली नऊ वर्षे मी कंपाला येथे राहते आणि त्यांपैकी सहा वर्षे उत्तरेकडील गुलू शहरातल्या एका लहान विश्वस्त संस्थेच्या शिष्यवृत्ती समितीवर विनावेतन काम करते आहे. अचोली भागातील मुलींचा माध्यमिक शाळेचा खर्च ही संस्था उचलते. तिचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण हा धागा देणगी मागण्यासाठी काढलेला नाही. गेल्या दिवाळीत पुण्यात असताना तीन वेगवेगळ्या घरी मला एकच प्रश्न विचारला गेला : "आफ्रिकेतल्या एखाद्या मुलीची वर्षभराची फी भरायची आहे, पैसे कुठे द्यावेत?" विचारणाऱ्यांची कळकळ खरी होती, पण मला त्या प्रश्नातला 'वर्षभराची' हा शब्दच खुपला. तो का खुपला, हे चहा पिता पिता सांगता येण्यासारखे नव्हते, म्हणून येथे सविस्तर लिहिते.

कंपालाहून उत्तरेला जाताना करुमा येथे नाईल ओलांडून पुढे गेले की अचोली लोकांचा प्रदेश लागतो. गुलू, किटगुम, पादेर, अमुरू, लामवो हे त्यातले जिल्हे. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून २००६पर्यंत, म्हणजे जवळपास वीस वर्षे, जोसेफ कोनीची लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी (एलआरए) आणि सरकारी सैन्य यांच्यातल्या युद्धात हा प्रदेश भरडला गेला. स्वखुशीने माणसे मिळेनात तेव्हा एलआरएने मुले पळवायला सुरुवात केली. पळवलेल्या मुलांची संख्या वीस हजारांहून अधिक असावी, असा युनिसेफचा अंदाज होता. मुलग्यांच्या हाती बंदुका दिल्या गेल्या, मुलींकडून ओझी वाहून घेतली गेली आणि वयात येताच, पुष्कळदा त्याआधीही, त्या म्होरक्यांना 'बायका' म्हणून वाटल्या गेल्या. सरकारने गावे रिकामी करून लोकांना छावण्यांत हलवले. २००५च्या सुमारास या छावण्यांत सुमारे १८ लाख माणसे राहत होती. ज्या गावांत अजून वस्ती होती तिथली मुले संध्याकाळ झाली की पांघरूण डोक्यावर घेऊन कित्येक किलोमीटर चालत शहरात येत, बसथांब्यावर, दुकानांच्या ओसऱ्यांवर किंवा लाकोर रुग्णालयाच्या आवारात झोपत आणि उजाडताच परत निघत. आज माझ्याबरोबर समितीवर बसणाऱ्या दोन स्त्रिया लहानपणी अशाच चालत आलेल्या आहेत.

माध्यमिक शाळेची गोष्ट मात्र एका विशिष्ट रात्रीपासून सांगावी लागते. अबोके येथील सेंट मेरीज कॉलेज ही शेजारच्या लांगो भागातील मुलींची नावाजलेली निवासी शाळा आहे. ९ आणि १० ऑक्टोबर १९९६ यांच्या मधल्या रात्री बंडखोर वसतिगृहात शिरले आणि १३९ मुलींना घेऊन गेले. सिस्टर राकेले फासेरा या इटालियन उपमुख्याध्यापिका दुसऱ्या दिवशी जॉन बॉस्को ओचेन या शिक्षकांना सोबत घेऊन, हाती कोणतेही शस्त्र नसताना, माग काढत रानात गेल्या. त्यांनी बंडखोरांना गाठले, त्यांच्यापुढे अक्षरशः गुडघे टेकले आणि १०९ मुली परत आणल्या. तीस मुली मागे राहिल्या. त्यांच्या पालकांनी मिळून 'कन्सर्न्ड पेरेंट्स असोसिएशन' उभी केली. आंजेलिना अत्याम या त्यांतल्या एक आई. 'तुम्ही जगभर बोलणे थांबवा, तुमची मुलगी परत देतो', असा निरोप त्यांना आला होता. सगळ्यांच्या मुली सोडणार असाल तरच, असे त्यांनी कळवले. १९९८ साली त्यांना संयुक्त राष्ट्रांचा मानवाधिकार पुरस्कार मिळाला, आणि मुलगी परतली ती थेट २००४ साली, स्वतःची मुले बरोबर घेऊन. अबोकेतल्याच ग्रेस अकालो काही महिन्यांनी निसटून आल्या, त्याच शाळेत परत जाऊन शिकल्या आणि २००९ साली त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे साक्ष दिली.

हे इतके सांगितले, कारण आमच्याकडे अर्ज घेऊन येणारी जवळजवळ प्रत्येक आई दोन गोष्टी एका श्वासात बोलते. मुलीला निवासी शाळेतच ठेवा, असा तिचा आग्रह असतो, आणि मुलगी नजरेआड होणार म्हणून ती रडतही असते. बाहेरून आलेल्या देणगीदाराला यात विसंगती दिसते. अबोके माहीत असलेल्याला ती दिसत नाही.

२००६च्या ऑगस्टमध्ये शस्त्रसंधी झाली आणि पुढच्या तीन-चार वर्षांत लोक छावण्यांतून गावी परतले. परतल्यावर पहिला प्रश्न उभा राहिला तो जमिनीचा. अचोलींमध्ये जमीन कुळाची असते आणि मुलाला ती बापाकडून मिळते. बंदिवासात जन्मलेल्या मुलाचा बाप कोण हे ठाऊक नसेल, किंवा ठाऊक असूनही त्याचे कुळ दाराशी उभे करत नसेल, तर ते मूल कोणत्याच जमिनीवर 'घरचे' ठरत नाही. त्याची आई माहेरी भावांच्या मर्जीवर राहते. मुलग्याला निदान कुणाच्या तरी शेतावर राबून पुढे हक्क सांगण्याची आशा असते, मुलीला तीही नसते. शाळा शिकून मिळालेला कागद हीच आपल्या मुलीची जमीन, असे एका आजीने आमच्या बैठकीत सांगितले होते. युद्ध संपून इतकी वर्षे झाल्यावरही 'युद्धोत्तर' हा शब्द आम्ही का वापरतो, याचे याहून चांगले उत्तर मला सापडलेले नाही.

आता शाळेच्या रचनेकडे येते. युगांडात प्राथमिक शिक्षण सात वर्षांचे, त्यानंतर चार वर्षे माध्यमिक (एस-१ ते एस-४) आणि पुढे दोन वर्षे उच्च माध्यमिक. १९९७ साली प्राथमिक शिक्षण निःशुल्क झाले आणि शाळांतील मुलांची संख्या एका वर्षात सुमारे ३१ लाखांवरून ५३ लाखांवर गेली. २००७ साली सरकारने माध्यमिक शिक्षणही निःशुल्क केले, आणि सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील देशांत असे पाऊल उचलणारा युगांडा पहिला. हे पाऊल मोठे होते आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे. मात्र फी माफ झाली म्हणजे खर्च संपला असे होत नाही. गणवेश, वह्या, गणितपेटी, दुपारचे पोशो आणि घेवडा (पोशो म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट उकडलेला गोळा), वसतिगृहाचे शुल्क, गादी, कंदील किंवा सौरदिवा, सॅनिटरी पॅड, हे सगळे घरानेच भरायचे असते. त्यातच सातवीच्या परीक्षेत चार विषयांची श्रेणी मिळून बेरीज २८ किंवा त्याहून कमी असेल, तरच निःशुल्क जागा मिळते. (तेथे कमी बेरीज म्हणजे चांगला निकाल, सर्वोत्तम बेरीज ४.) ज्या मुलीने सातवीचे वर्ष पाणी भरण्यात आणि धाकटी भावंडे सांभाळण्यात घालवले, ती नेमकी याच उंबरठ्यावर अडते.

आणि आता माझे म्हणणे. मी समितीवर आले त्याआधी परदेशातील एका देणगीदार गटाने आमच्याच भागात सात मुलींची फी भरायला घेतली होती. एस-१ आणि एस-२ ही दोन वर्षे पैसे आले, नंतर त्या गटातील माणसे पांगली आणि पैसे थांबले. कुणाच्याही मनात वाईट नव्हते. पण त्या मुली तोवर घरकाम आणि शेत सोडून दोन वर्षे शहरात राहिल्या होत्या, घरच्यांनी त्यांच्या नावाचा विचार सोडून धाकट्या भावाच्या फीसाठी बकऱ्या विकल्या होत्या, आणि त्यांचे वय सोळा-सतरा झाले होते. सातपैकी पाच जणींची त्याच वर्षी लग्ने लावली गेली. प्रमाणपत्र मिळते एस-४च्या परीक्षेनंतर. त्याआधी सुटलेल्या शाळेचा हाती काहीच कागद राहत नाही. एक वर्षाची फी मुलीच्या आयुष्यात एक वर्षाची भर घालते असे आपण धरून चालतो, पण तिथे ती पुष्कळदा फक्त तिचे वय वाढवते. म्हणून मदत करायची असेल तर चार वर्षांचा शब्द द्यावा, आणि तो देता येत नसेल तर एका मुलीचे नाव धरून पैसे देऊ नयेत, या मतापर्यंत मी आले आहे.

ज्यांनी अशा संस्थांबरोबर कुठेही काम केले आहे त्यांचे अनुभव ऐकायला आवडेल. मतभेदही अवश्य मांडावेत.

माळरान

धागा अतिशय आवडला. मी माण तालुक्यात सव्वीस वर्षे माध्यमिक शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. आमच्याकडे सातवीनंतर मुलींची गळती थांबवण्यात सर्वांत मोठा वाटा कशाचा, असे मला कुणी विचारले तर मी एसटीच्या मोफत पासाचे नाव घेईन. शाळा सहा-सात किलोमीटरवर असली की घरचे 'पुरे झाले आता' म्हणत, पण पास हातात आला आणि चार मैत्रिणी एका गाडीने जाऊ लागल्या की तोच बाप गप्प बसत असे. युगांडात अंतराचा प्रश्न कसा सुटतो? निवासी शाळा हा एकच मार्ग आहे का? वसतिगृह म्हटले की दरडोई खर्च किती तरी वाढत असणार, आणि तेवढ्याच पैशांत दिवसा येऊन-जाऊन शिकणाऱ्या अधिक मुलींना मदत करता येईल, असे मला वाटते.

नाईलकाठ

माळरान ताई, हा प्रश्न आमच्या समितीत दरवर्षी निघतो आणि दरवर्षी आम्ही थोडे वेगळे उत्तर देतो. तिथे एसटीसारखी गावोगाव जाणारी सरकारी बस नाही. मुलगी चालत जाते, किंवा बोडा-बोडा, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलीच्या मागे बसून जाते. रोजचे भाडे परवडणारे नसते. मग एखादा चालक 'पैसे नंतर दे' म्हणतो, आणि हे नंतरचे देणे काय असते हे तिथल्या प्रत्येक शिक्षिकेला माहीत असते. मुलींच्या गर्भारपणाच्या कित्येक कहाण्या या शाळेच्या रस्त्यावर सुरू होतात. म्हणून आठ-दहा किलोमीटरच्या पलीकडच्या मुलीसाठी आम्ही वसतिगृहच धरतो.

मात्र तुमचे म्हणणे मला अर्धे पटते. शाळा तीन-चार किलोमीटरवर असेल तर वसतिगृहापेक्षा दुपारच्या जेवणाचे पैसे आणि सायकल यांचा उपयोग अधिक होतो. आम्ही गेल्या तीन वर्षांत एका शाळेत हे करून पाहिले. जेवण त्या शाळेतल्या सगळ्याच मुलामुलींना दिले, फक्त आमच्या मुलींना नाही. त्याचा एक फायदा आमच्या आधी लक्षातच आला नव्हता : 'देणगीवाली मुलगी' म्हणून कुणाकडे बोट दाखवले जाणे थांबले.

उंबरठा

धागाकर्तीबद्दल पूर्ण आदर ठेवून एक प्रश्न विचारतो. पळवून नेलेल्यांत मुलगे कमी नव्हते, उलट बहुधा अधिकच होते. ते परतले तेव्हा त्यांच्याकडे खुनी म्हणूनच पाहिले गेले. मग सगळ्या संस्था मुलींच्याच शिक्षणावर का एकवटतात? आपल्याकडेही मी हे पाहतो की 'मुलींचे शिक्षण' म्हटले की देणगी लवकर मिळते. एकाच घरातील बहीण शाळेत आणि भाऊ विटांच्या भट्टीवर, असे झाले तर त्या घरात आणि त्या गावात नवी कटुता निर्माण होणार नाही का?

नाईलकाठ

उंबरठा, हा प्रश्न गैर नाही. डॉमिनिक ओंग्वेन याचे उदाहरण तुम्हाला ठाऊक असेल. तो साधारण नऊ वर्षांचा असताना शाळेच्या वाटेवरून पळवला गेला, एलआरएमध्ये वर चढत म्होरक्या झाला, आणि फेब्रुवारी २०२१मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने त्याला ६१ आरोपांखाली दोषी ठरवून पुढे २५ वर्षांची शिक्षा दिली. त्या आरोपांत सक्तीचा विवाह आणि सक्तीचे गर्भारपण हेही होते. शाळेच्या वाटेवर पळवलेला मुलगा आणि त्याच्या ताब्यात दिलेल्या मुली, दोघांचेही दुःख एकाच निकालपत्रात वाचायला मिळते. मुलग्यांना विसरावे असे मी कधीही म्हणणार नाही.

तरी माध्यमिक शाळेपुरते पाहिले तर प्रवाह वेगळा आहे. प्राथमिक शाळेत मुलगे आणि मुली जवळपास बरोबरीने असतात. सातवीनंतर घरात एकाच्याच फीपुरते पैसे असले की ते भावाला मिळतात, आणि बहिणीच्या लग्नात येणाऱ्या गुरांचा हिशेब त्याच वेळी सुरू होतो. (तिथे वधूमूल्य मुलाकडून मुलीच्या घरी येते, त्यामुळे मुलगी लवकर देण्यात घराचा आर्थिक लाभ असतो. आपल्याकडील हुंड्याच्या अगदी उलट प्रथा, पण मुलीच्या शाळेवर होणारा परिणाम तोच.) राज्यघटनेत लग्नाचे किमान वय १८ आहे, पण गावात तारीख ठरवतात ते काका-मामा. मुलगी एस-४पर्यंत शाळेत राहिली की हा हिशेब निदान चार वर्षे पुढे जातो.

कटुतेबद्दल तुमची भीती खरी आहे. आमच्याकडे एका भावाने बहिणीची वह्या-पुस्तके जाळली. त्यानंतर आम्ही नियम केला की मुलीची निवड करण्याआधी समितीतील दोघांनी घरी जाऊन भावंडांशीही बोलायचे, आणि शक्य असेल तिथे भावाला गुलूतील एखाद्या कारागिरी शाळेत जागा मिळवून द्यायला मदत करायची. यासाठी आमच्याजवळ पैसे थोडे आहेत, म्हणून हे सगळीकडे जमत नाही. कमी पडते आहे हे मी मान्य करते.

हिशेबनीस

भारतात राहून परदेशी संस्थेला पैसे पाठवू इच्छिणाऱ्यांसाठी थोडी माहिती देतो. मी सनदी लेखापाल आहे.

निवासी भारतीय व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत विप्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते आणि त्यात देणगीचाही समावेश आहे. पैसे बँकेमार्फतच पाठवावेत, कारण स्पष्ट लिहावे, हातोहात रोख रक्कम कुणाबरोबर पाठवू नये. अनेकांचा एक गैरसमज असतो तो दूर करतो : परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर कलम ८०जी खाली वजावट मिळत नाही. तसेच आपल्या ओळखीच्या भारतीय धर्मादाय न्यासाला देणगी देऊन 'तुम्हीच पुढे युगांडाला पाठवा' असे सांगू नये. न्यासाने भारताबाहेर खर्च केलेल्या उत्पन्नावर करसवलत टिकत नाही, त्यासाठी वेगळी परवानगी लागते, आणि तुमच्या सद्हेतूमुळे तो न्यास अडचणीत येऊ शकतो. येणाऱ्या परदेशी देणगीचा कायदा वेगळा, जाणाऱ्या पैशांचे नियम वेगळे. दोन्हींची गल्लत करू नये.

धागाकर्तीला एक प्रश्न : तिथली संस्था खरी आहे की नाही हे इथे बसून कसे तपासावे?

नाईलकाठ

हिशेबनीस, मनापासून आभार. ८०जीविषयी मलाही दोन ठिकाणी चुकीचे सांगण्यात आले होते.

तपासण्याविषयी : युगांडात २०१६च्या कायद्यानुसार अशा संस्थेची नोंदणी आणि कामाचा परवाना दोन्ही लागतात. शिवाय ज्या जिल्ह्यात काम करायचे तिथल्या स्थानिक प्रशासनाशी लेखी करार असावा लागतो. या तिन्ही कागदांच्या प्रती मागाव्यात. प्रामाणिक संस्था त्या आनंदाने पाठवते. मात्र कागद पुरे असूनही काम पोकळ असू शकते. म्हणून मी त्याबरोबर आणखी एक गोष्ट मागते : चार वर्षांपूर्वी एस-१मध्ये प्रवेश दिलेल्या मुलींपैकी एस-४च्या परीक्षेला किती बसल्या, आणि ज्या बसल्या नाहीत त्यांचे काय झाले. यंदा किती मुलींना मदत करतो हे सगळेच सांगतात. चार वर्षांपूर्वीच्या मुलींचा हिशेब ज्यांच्या वहीत आहे, त्यांनी मुलींवर लक्ष ठेवले आहे असे समजायला हरकत नाही. गळलेल्या मुलींविषयी ते मोकळेपणाने बोलत असतील तर माझा विश्वास आणखी वाढतो.

पाणवठा

मी आणि माझे यजमान गेली पाच वर्षे एका आंतरराष्ट्रीय संस्थेमार्फत आफ्रिकेतील एका मुलीच्या शिक्षणासाठी दरमहा पैसे देतो. वर्षातून दोनदा तिचे पत्र आणि छायाचित्र येते. खरे सांगायचे तर त्या पत्राची आम्ही दोघेही वाट पाहतो. आमच्या शोकेसमध्ये तिचे छायाचित्र आहे. धाग्यातील 'एका मुलीचे नाव धरून पैसे देऊ नयेत' हे वाक्य वाचून मला वाईट वाटले. त्या नात्यामुळेच तर आम्ही पाच वर्षे थांबलो नाही. नाव आणि चेहरा नसता तर कदाचित दुसऱ्याच वर्षी विसरलो असतो.

नाईलकाठ

पाणवठा, तुम्ही पाच वर्षे टिकून आहात, म्हणजे मी जो चार वर्षांचा शब्द म्हणते तो तुम्ही पाळून त्याच्या पुढे गेला आहात. माझे वाक्य तुमच्यासाठी नव्हते, आणि ते तुम्हाला लागले याबद्दल दिलगीर आहे.

छायाचित्रांविषयी मात्र थोडे सांगायला हवे. २०१२ साली कोनीविषयीची एक चित्रफीत काही दिवसांत दहा कोटींहून अधिक वेळा पाहिली गेली. तीच चित्रफीत युद्धपीडितांच्या एका स्थानिक संस्थेने लिरा शहरात मैदानावर दाखवली, तेव्हा जमलेले लोक इतके दुखावले की पडद्याच्या दिशेने दगड आले. ज्यांनी हातपाय आणि मुले गमावली त्यांना पडद्यावर स्वतःची गोष्ट दिसली नाही, परदेशी माणसाची दिसली. आमच्या भागातील शाळेत एखाद्या मुलीची आई बंदिवासातून परतलेली आहे हे उघड झाले तर मुलीला अजूनही बोलणी खावी लागतात. अर्जावर ते लिहिलेले असते आणि आम्हाला ते कळणे गरजेचेही असते, कारण घर पाहताना काय विचारायचे नाही हे त्यावरून ठरते. पण देणगीदाराच्या पत्रकात ते छापले, की इंटरनेटवरून फिरून ते त्याच शाळेच्या वर्गात परत येते. तसे एकदा घडले आहे. ती मुलगी सत्र अर्धे टाकून निघून गेली, आणि तिला परत आणायला आमच्या समितीतील बाईंना तीन फेऱ्या माराव्या लागल्या.

म्हणून आता आमच्याकडे पत्रे येतात ती वर्गाची, शाळेची. चेहरा दाखवायचा की नाही हे मुलगी एस-४ झाल्यावर स्वतः ठरवते. तुमच्या मुलीला पत्र लिहिताना तिच्या घरच्या भूतकाळाविषयी विचारू नका, तिला आवडणाऱ्या विषयाविषयी विचारा, एवढीच विनंती.

कडुनिंब

मी भारतीय सैन्याच्या वैद्यकीय पथकातून निवृत्त झालो आहे आणि संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेबरोबर दक्षिण सुदानमध्ये मलाकल येथील रुग्णालयात काही काळ होतो. त्या अनुभवावरून दोन मुद्दे.

पहिला : तिथे रुम्बेक येथे लोरेटो सिस्टर्सची मुलींची निवासी माध्यमिक शाळा आहे, २००८पासून चालते. मुलीला प्रवेश देताना, शिक्षण पूर्ण होईपर्यंत तिचे लग्न लावणार नाही, अशी लेखी हमी पालकांकडून घेतली जाते. धागाकर्ती देणगीदाराकडून चार वर्षांचा शब्द मागतात. तसाच शब्द घराकडूनही घ्यायला हवा, असे मला वाटते.

दुसरा मुद्दा थोडा विरोधाचा आहे. वीस वर्षांची, कडेवर मूल असलेली मुलगी तेरा वर्षांच्या मुलींबरोबर एस-१च्या बाकावर बसवणे हा तिच्यावर अन्याय आहे. गुलूतील सेंट मोनिका केंद्रात सिस्टर रोजमेरी न्यिरुम्बे यांनी बंदिवासातून परतलेल्या मुलींना शिवणकाम आणि स्वयंपाक शिकवला, त्यांच्या बाळांसाठी तिथेच पाळणाघर चालवले. 'टाइम' साप्ताहिकाने २०१४ साली जगातील शंभर प्रभावी व्यक्तींत त्यांचा समावेश केला होता. हाताला काम देणारे शिक्षण अशा मुलीला अधिक लवकर पायांवर उभे करते. माध्यमिक शाळेचा आग्रह सगळ्यांसाठी का?

नाईलकाठ

कडुनिंब सर, घराकडून शब्द घेण्याची सूचना मी पुढच्या बैठकीत मांडते. आम्ही आजवर आईची सही घेत होतो. लग्न ठरवणाऱ्या काकाची सही घेतली पाहिजे, हे तुमच्या प्रतिसादामुळे स्पष्ट झाले.

दुसऱ्या मुद्द्यावर आपण पुष्कळसे सहमत आहोत. सेंट मोनिकाचे काम मी पाहिले आहे. शिवणयंत्रांच्या खोलीशेजारी बाळांचा आवाज येतो आणि आया मधूनच उठून दूध पाजून परत यंत्रावर बसतात, हे पाहिल्यावर शाळा म्हणजे काय याची माझी कल्पनाच बदलली. वयाने मोठ्या झालेल्या स्त्रीसाठी तो मार्ग निःसंशय चांगला आहे. पण आज अर्ज करतात त्या मुली चौदा वर्षांच्या आहेत, युद्ध थांबल्यानंतर जन्मलेल्या आहेत. त्यांच्यापुढे थेट शिवणयंत्र ठेवले तर परिचारिका, प्राथमिक शिक्षिका, कृषिसेविका होण्याची दारे आपणच लावतो, कारण या सगळ्यांना निदान एस-४ लागते. गुलूतील गरीब मुलगी आली की शिवण, आणि कंपालातील सुखवस्तू मुलगी आली की विज्ञान, ही विभागणी मला स्वीकारवत नाही.

बाळ असलेल्या शाळकरी मुलीचा प्रश्न मात्र करोनानंतर आमच्या दाराशीच आला. युगांडातील शाळा मार्च २०२०मध्ये बंद झाल्या आणि पूर्णपणे उघडल्या त्या १० जानेवारी २०२२ रोजी. इतका दीर्घ काळ जगात अन्यत्र कुठेही शाळा बंद राहिल्या नव्हत्या. त्या काळात आमच्या मुलींपैकी चौघी गर्भार राहिल्या. सरकारने डिसेंबर २०२०मध्ये नियम काढले : गर्भार मुलीने तिसऱ्या महिन्यात रजा घ्यावी आणि बाळ सहा महिन्यांचे झाल्यावर शाळेत परत यावे. नियम चांगला की वाईट यावर तिथे वाद आहेत. तिसऱ्या महिन्यातच मुलीला घरी का पाठवायचे, हे मलाही पटत नाही. पण 'परत यावे' हे शब्द सरकारी कागदावर आले, याचा आम्हाला फार उपयोग झाला. एका मुख्याध्यापकांनी प्रवेश नाकारला तेव्हा आम्ही तो कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. बाळ कुणी सांभाळायचे हा प्रश्न उरलाच. चौघींपैकी तिघी परत आल्या, कारण त्यांच्या आयांना किंवा आज्यांना आम्ही सत्राच्या काळात घरखर्चासाठी थोडी रक्कम देऊ शकलो. चौथीच्या घरी कुणीच नव्हते. ती आली नाही.

माळरान

चौथ्या मुलीसाठी शाळेच्या जवळ राहणारी एखादी विश्वासू बाई पगार देऊन ठेवता आली असती का? आमच्या शाळेजवळच्या वस्तीतील एका आजींकडे मी स्वतः एका विद्यार्थिनीचे तान्हे मूल दोन वर्षे ठेवण्याची व्यवस्था केली होती. खर्च फार नव्हता, पण दररोज मधल्या सुट्टीत मुलीला पाजायला सोडण्याची परवानगी मुख्याध्यापकांकडून मिळवावी लागली होती.

नाईलकाठ

ताई, तेव्हा सुचले नाही. आता सुचले आहे. त्या शाळेत 'सीनियर वुमन टीचर' म्हणून नेमलेल्या बाई आहेत. मुलींच्या अडचणी पाहणे हे त्यांचे अधिकृत काम असते. त्यांना मी आजच लिहिले आहे. तुमच्या मुख्याध्यापकांनी परवानगी कोणत्या शब्दांत दिली होती, तेही कळवाल का? म्हणजे मी तसा मसुदा इंग्रजीत करून पाठवीन.

सातवीचे निकाल जानेवारीत लागतात आणि एस-१चे वर्ग फेब्रुवारीत सुरू होतात. निवडीसाठी आम्हाला मधले जेमतेम तीन-चार आठवडे मिळतात. या वर्षी आमच्याजवळ चार वर्षे पुरतील एवढे पैसे नऊ मुलींचे आहेत. अर्ज अठ्ठेचाळीस आले आहेत. दोन वर्षांचे पैसे धरले तर अठरा मुली घेता येतील, असे समितीतील एका सदस्यांचे म्हणणे आहे. माझे मत तुम्ही वर वाचलेच आहे. शनिवारी बैठक आहे. काय ठरले ते येथे लिहीन.